मालवणचा किनारा आणि छायाचित्रविद्येचे शिक्षण

उपयोजित कलेच्या महाविद्यालयात छायाचित्रण हा विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यास आरंभीच जो स्वाध्याय नेमून दिला जातो, त्याचे स्वरूप सर्वत्र बहुधा एकच असते : आपल्या परिसरातील दैनंदिन जीवनाची काही छायाचित्रे घ्यावीत, आणि ती घेताना भिंगाच्या छिद्राचे मान, शटरचा वेग, प्रकाशाची दिशा व चौकटीची रचना या चारही गोष्टींचा विचार केल्याचे त्या चित्रांवरूनच दिसून यावे. सावंतवाडीस किंवा कोल्हापुरास शिकणारा मालवणचा, वेंगुर्ल्याचा अथवा देवगडचा विद्यार्थी हा स्वाध्याय पुरा करण्यासाठी सुट्टीत घरी येतो, पहाटे किनाऱ्यावर जातो, रापणीचे जाळे ओढणारे पुरुष, मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाजाराची वाट चालणाऱ्या बायका, खाडीत कुजत घातलेली नारळाची सोडणे आणि अंगणात सुंभ वळीत बसलेली म्हातारी माणसे टिपून घेतो, आणि यात काही नवल आहे असे त्याच्या गुरुजनांना वाटत नाही, घरच्यांनाही वाटत नाही. परंतु रोजचे जगणे हा छायाचित्राचा विषय होऊ शकतो ही समजूत या किनाऱ्यावर अलीकडची आहे. आणि ती इतक्या उशिरा आली याचे खापर केवळ त्या त्या काळच्या छायाचित्रकारांच्या दृष्टीवर फोडणे अन्यायाचे होईल. काच, औषधे, भिंगे आणि उजेड यांनी ज्या पिढीस जेवढी मुभा दिली तेवढेच जीवन तिने टिपले; ज्यास मुभा नव्हती ते दप्तरी दाखल न होताच निघून गेले. या मुभेचा इतिहास सांगणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

छायाचित्रण हा शाळेत शिकविण्याजोगा विषय आहे ही कल्पना मात्र आपल्याकडे फार लवकर आली. छायाचित्र घेण्याची दागेरची कृती पॅरिसमध्ये जाहीर झाली ती १८३९ साली. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग उघडण्यात आला. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ची. म्हणजे मुंबईच्या विद्यार्थ्यास चित्रकलेची शाळा लाभण्यापूर्वीच कॅमेऱ्याचा वर्ग लाभला होता, आणि ही क्रमवारी आज कोणासही उलटी वाटेल. क्रॉफर्ड नावाच्या शिक्षकाने चालविलेल्या त्या वर्गातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे गृहस्थ तयार झाले, ज्यांनी पुढे मुंबईत स्वतःचा व्यवसाय थाटला आणि ज्यांची गणना या देशातील पहिल्या एतद्देशीय व्यावसायिक छायाचित्रकारांत होते. सरकारला त्या काळी हे शास्त्र हवे होते ते लेणी, शिलालेख, इमारती आणि प्रजेच्या जातीजमाती यांची नोंद करण्यासाठी; सबब विद्यार्थ्याने कॅमेरा हाती घ्यावा तो नोंदीसाठी, आपल्या आवडीसाठी नव्हे, अशीच त्या शिक्षणाची धाटणी होती.

मालवणच्या वाचकास या प्रकरणात जवळीक वाटावी असा एक दुवा आहे. मुंबईच्या त्या सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांत डॉक्टर भाऊ दाजी लाड होते, आणि त्यांचे बंधू डॉक्टर नारायण दाजी हे तर स्वतः कुशल छायाचित्रकार असून त्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावरही होते. हे घराणे मूळचे पेडणे महालातील मांद्र्याचे. तेरेखोलची खाडी ओलांडली की आपला सिंधुदुर्ग जिल्हा लागतो, आणि पेडण्याचा तो मुलूखही एके काळी सावंतवाडीकर भोसल्यांच्याच अंमलाखाली होता. वैद्यक, पुराणवस्तुसंशोधन आणि छायाचित्रण या तिन्ही विद्यांना एकाच घरात जागा मिळावी यात त्या पिढीला काही विसंगत वाटत नव्हते, कारण त्या काळचे छायाचित्रण हे निम्म्याहून अधिक रसायनशास्त्रच होते. ज्यास आम्लाचा हात होता, औषधे मोजण्याची सवय होती आणि बोटे काळी पडल्याचे दुःख नव्हते, त्यासच ते साधे.

त्या विद्येचा व्यवहार कसा चाले हे आजच्या विद्यार्थ्यास सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ते कळल्यावाचून त्या काळाच्या चित्रांचा अर्थ लागत नाही. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीप्रमाणे ईथर व मद्यार्क यांत विरघळविलेले कलोडियन स्वच्छ काचेवर एकसारखे ओतावयाचे, ती काच अंधारात रौप्य नायट्रेटच्या द्रवात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाशास दाखवावयाची, आणि ती सुकण्यापूर्वी, म्हणजे पुरती दहा मिनिटेही उलटण्याआधी, पुन्हा अंधारात नेऊन चित्र प्रकट करावयाचे. उष्ण हवेत ईथर झपाट्याने उडून जाई आणि ही मुदत आणखी आखूड होई. घराबाहेर काम करावयाचे म्हणजे काचा, औषधांच्या बाटल्या, पाणी, तिवई आणि एक काळोखा तंबू एवढा लवाजमा बैलगाडीवर किंवा मजुरांच्या डोक्यावर घालून न्यावा लागे. एवढे करूनही काच प्रकाशास दाखविण्यास कित्येक सेकंद लागत, आणि तेवढ्या वेळात जे हलले ते धुक्यासारखे पुसट उमटे, किंवा मुळीच उमटत नसे. मंदिर हलत नाही, बुरूज हलत नाही, आज्ञेने बसविलेला माणूस हलत नाही. पण रापणीचा दोर ओढणारा माणूस हलतो, लाट हलते, होडी हलते. सबब विद्यार्थी कितीही हुशार असला तरी १८५५ साली रापण त्याच्या अभ्यासक्रमात येणे शक्यच नव्हते.

यावर त्या काळी काढलेली तोड मोठी उद्बोधक आहे. मुंबईचे विल्यम जॉन्सन यांनी मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या जातीजमातींची छायाचित्रे दोन भागांत लंडनला प्रसिद्ध केली, पहिला भाग १८६३ साली व दुसरा १८६६ साली. त्यांत माणसे एका ठिकाणी बसवून किंवा उभी करून टिपली आहेत आणि पाठीमागचा देखावा दुसऱ्याच काचेवरून आणून जोडला आहे. म्हणजे माणूस खरा, देखावाही खरा, आणि दोहोंचे एकत्र असणे मात्र खोटे. पुढे सरकारी आश्रयाने १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंडांचे प्रकाशन निघाले, त्यातही माणसे नमुने म्हणून उभी आहेत : वेष, आयुधे, दागिने, मुद्रा. ती माणसे सकाळी काय करीत, संध्याकाळी कोठे बसत, याचा पत्ता त्या चित्रांवरून लागत नाही. याउलट १८८० साली निघालेला रत्नागिरी व सावंतवाडीचा गॅझेटियर केवळ शब्दांच्या बळावर उभा असून त्यात या किनाऱ्यावरची जाळी, गलबते, काथ्याचा धंदा, मीठ आणि मासळी यांची जी बारीक माहिती आहे, ती पाहता त्या काळी कॅमेऱ्यापेक्षा कारकुनाच्या लेखणीला दैनंदिन जीवनाची दृष्टी अधिक होती असे म्हणावे लागते.

आणखी एक अडचण अशी होती की जी डोळ्यांस दिसत नसे, पण काचेवर उमटे. कलोडियनची काच, आणि पुढे आलेल्या साध्या कोरड्या काचाही, निळ्या प्रकाशास फार संवेदनशील आणि तांबड्यास जवळजवळ आंधळ्या होत्या. आपल्या किनाऱ्याचा रंगविचार करा : माथ्यावर निळे आभाळ, समोर निळा समुद्र, पायाखाली जांभ्याची तांबडी माती, भिंती जांभ्याच्या, कौले तांबडी, कपाळी कुंकू तांबडे, आणि माणसांचा वर्ण सावळा. त्या काचेवर आभाळ आणि समुद्र एकच पांढरा पट्टा होऊन जात, माती आणि भिंती काळ्याठिक्कर पडत, कुंकवाच्या जागी शाईचा ठिपका उमटे, आणि मूळचा तजेलदार सावळा चेहरा निस्तेज काळा होई. फोगेल याने १८७३ साली रंगद्रव्यांच्या साहाय्याने काचेला हिरव्या-पिवळ्या छटांची जाण आणून दिली, आणि सर्व रंगांस प्रतिसाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ साली बाजारात आल्या. तोपर्यंतची कोकणची चित्रे पाहताना हा रंगदोष मनात धरला नाही तर आपले पूर्वज प्रत्यक्षात होते त्याहून कितीतरी उदास होते असा ग्रह होतो. पुढे रंगीत फिल्म आली तेव्हाही तिच्या छपाईचे मान गोऱ्या कातडीच्या नमुनाचित्रावरून ठरविले जात असे, हे येथेच नोंदवून ठेवतो.

या जिल्ह्याच्या छायाचित्रणाच्या इतिहासातील सर्वांत भव्य प्रकरण मात्र माणसांचे नसून सूर्याचे आहे, आणि ते विजयदुर्गावर घडले. २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया अरबी समुद्रावरून येऊन याच टापूत हिंदुस्थानच्या भूमीवर चढली. इंग्रज ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर यांनी आपल्या निरीक्षणासाठी विजयदुर्गाचा किल्ला पसंत केला आणि त्यांच्या मदतीस आरमाराची 'मेल्पोमिनी' ही युद्धनौका तिचे कप्तान चिझम-बॅटन यांच्यासह दिली गेली. कलकत्त्याहून आलेले प्राध्यापक अलेक्झांडर पेडलर हेही त्या मोहिमेत होते. भिंगापुढे लोलक बसविलेले मोठाले कॅमेरे किल्ल्यात उभारण्यात आले, कारण हेतू सूर्याचे चित्र घेण्याचा जितका होता तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, सूर्याच्या कडेच्या प्रकाशाचे पृथक्करण काचेवर उतरविण्याचा होता.

येथे आपल्या विषयाशी थेट निगडित अशी गोष्ट घडली, ती ही की लॉकियर यांनी नौकेवरच्या अधिकाऱ्यांना व खलाशांना या कामाचे शिक्षण दिले. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची. तेवढ्यात कोणी काचेची चौकट सरकवावयाची, कोणी झाकण उघडून नेमक्या क्षणी लावावयाचे, कोणी मोठ्याने सेकंद मोजावयाचे, कोणी डोळ्यांवरची पट्टी ऐन वेळी सोडून प्रभामंडलाची आकृती कागदावर काढावयाची, कोणी आजूबाजूच्या भूमीचे व आभाळाचे बदलते रंग लिहून घ्यावयाचे, अशी कामाची वाटणी करून त्याची तालीम पुनःपुन्हा घेण्यात आली. ही रीत लॉकियर यांनी दीड वर्ष आधी, १८९६च्या ऑगस्टमध्ये, नॉर्वेच्या उत्तर टोकाशी 'व्होलाज' नौकेच्या खलाशांकडून अशीच घटवून घेतली होती, परंतु तेथे ढगांनी सारा डाव उधळला. विजयदुर्गास आभाळ निरभ्र होते. तोफा डागण्यात वाकबगार असलेल्या त्या खलाशांचा तो वर्ग हा या किनाऱ्यावरील छायाचित्रणाचा पहिला पद्धतशीर वर्ग मानावा, असे माझे मत आहे. प्रकाशदर्शनाचा काळ आधी ठरवावा, हात स्थिर ठेवावा, प्रत्येक काचेची नोंद लिहावी, हे तंत्राचे जे धडे आजचा विद्यार्थी गिरवितो तेच त्यांनी गिरविले.

किल्ल्यात आजही दाखविण्यात येणाऱ्या ओट्यांना लोक 'साहेबाचे कट्टे' म्हणतात, आणि हेलियमचा शोध तेथे १८६८ साली लागला अशी समजूत दृढ होऊन दर १८ ऑगस्ट रोजी तेथे हेलियम दिनही साजरा होतो. गावाचा अभिमान मोडण्याची हौस मला नाही. परंतु १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडातच होते, आणि सूर्याच्या वर्णपटातील हेलियमची ती पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेथूनच न्याहाळली, हे इतिहासास धरून आहे. कट्ट्यांचा संबंध १८९८च्या मोहिमेशी जोडणेच सयुक्तिक ठरते, आणि तसे केल्याने विजयदुर्गाची प्रतिष्ठा तिळभरही उणी होत नाही. १८९८च्या त्या ग्रहणाच्याच दिवशी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हे सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे, आणि इंग्लंडहून आलेले जॉन एव्हरशेड व मॉन्डर दांपत्य हे वऱ्हाडातील तळणी येथे, आपापले कॅमेरे सूर्यावर रोखून उभे होते. त्यांपैकी ॲनी मॉन्डर या बाईंनी एका लहानशा कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा लांबच लांब पसरलेला किरण टिपला, ज्याची ख्याती मोठमोठ्या यंत्रांनी घेतलेल्या चित्रांहून काही कमी झाली नाही.

तात्पर्य, त्या दिवशी कोकणपासून वऱ्हाडापर्यंत जगातील उत्तमोत्तम भिंगे आपल्या भूमीवर आली होती, आणि ती सर्व आकाशाकडे पाहत होती. ग्रहण पाळण्यासाठी खाडीवर स्नानाला उतरलेले लोक, सोवळ्यात ठेवलेले पाणी, दर्भ, दाने आणि मंत्र, हे त्या यंत्रांच्या कामाचे नव्हते. यात दोष काढण्याजोगे काही नाही, कारण ती मंडळी सूर्यासाठीच आली होती. पण इतिहास लिहिणाऱ्यास चुटपुट लागतेच.

कोरडी काच १८८० च्या सुमारास सर्वत्र विकत मिळू लागली आणि छायाचित्रकारास तंबू व औषधे बरोबर वागविण्याच्या जाचातून सुटका मिळाली. याच काळात छायाचित्रण पुन्हा एकदा शिक्षणसंस्थेत शिरले : सयाजीरावांच्या बडोद्यात १८९० साली निघालेल्या कलाभवनात प्राध्यापक गज्जर यांच्या हाताखाली धुंडिराज गोविंद फाळके यांनी ही विद्या अभ्यासिली, आणि पुढे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढणाऱ्या दादासाहेबांच्या हातात चित्रपटाचा कॅमेरा येण्यापूर्वी स्थिर चित्राचा कॅमेरा कित्येक वर्षे होता. मालवण, वेंगुर्ले यांसारख्या बंदरांत मात्र ही विद्या शिकण्याची शाळा म्हणजे स्टुडिओ, आणि अभ्यासक्रम म्हणजे उमेदवारी. मुलाने आधी पाणी भरावे, काचा धुवाव्यात, पडदा झाडावा. मग काळोख्या खोलीत उभे राहून पाहावे. मग पेन्सिलीने निगेटिव्हवरील देवीचे वण व सुरकुत्या बुजवाव्यात. आणि अखेरीस, मालकाची मर्जी झाली तर, कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोके घालावे.

या किनाऱ्याच्या हवेने त्या उमेदवारांना जे शिकविले ते कोणत्याही विलायती पुस्तकात नीट लिहिलेले नव्हते. जिलेटिनचा लेप गरम पाण्यात मऊ पडतो आणि काचेवरून सुटू लागतो. म्हणून उन्हाळ्यात काम रात्री किंवा पहाटे करावयाचे, विहिरीचे ताजे गार पाणी वापरावयाचे, आणि लेप घट्ट करण्यासाठी तुरटी घालावयाची. पावसाळ्यात कागदाला बुरशी, भिंगाला बुरशी, पेटीच्या बिजागऱ्यांना खाऱ्या वाऱ्याचा गंज. शिवाय मृगाच्या सुमारास बंदरे बंद होत आणि मुंबईहून येणाऱ्या आगबोटी थेट भाद्रपदापर्यंत येत नसत. म्हणजे तेवढ्या अवधीला पुरेल एवढा काचांचा, कागदाचा व औषधांचा साठा आधीच करून ठेवणे भाग, आणि जो साठा केला तो दमट हवेत नासण्याची धास्ती कायम.

अशा रीतीने जे चित्र निघे ते साहजिकच महाग असे, आणि महाग वस्तूवर माणूस आपले रोजचे रूप काढून घेत नाही. रंगविलेल्या पडद्यावर खांब, जिने आणि तळी. समोर कोरीव तिपाई, तीवर फुलदाणी. खुर्चीवर कर्ता पुरुष, बाजूस नऊवारीतील पत्नी, हातात घड्याळ दिसेल असा कोट घातलेला मुलगा. मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत काम करणारा चाकरमानी चतुर्थीस घरी आला की असा एक फोटो काढून घेई, किंवा मुंबईतच काढून टपालाने घरी धाडी. त्या फोटोत तो गिरणीचा कामगार दिसत नसे, साहेबच दिसे. हा दंभ नव्हता. ज्या घरी मनीऑर्डर महिन्याकाठी एकदाच येई त्या घरात त्या फोटोचे काम मनीऑर्डरीच्या पावतीसारखेच होते : गडी सुखरूप आहे, त्याचे बरे चालले आहे. मृत माणसाची आठवण म्हणून मोठा करून चौकटीत बसविलेला फोटो, लग्न जुळविण्यासाठी पाठविलेला मुलीचा फोटो, बोटीवरच्या नोकरीसाठी लागणारा लहान फोटो, एवढ्या प्रसंगांपलीकडे कॅमेऱ्याची गाठ पडत नसे. निवडणूक आयोगाने १९९३ पासून ओळखपत्रांचा उपक्रम हाती घेतला तेव्हा वाड्यावाड्यांतील किती वृद्ध स्त्रिया आयुष्यात प्रथमच कॅमेऱ्यासमोर बसल्या असतील!

स्टुडिओच्या या चित्रांना आजचे शिकलेले लोक कृत्रिम म्हणून हसतात, ते मला पटत नाही. उत्तरेकडून येणारा सौम्य उजेड चेहऱ्याच्या एका बाजूस घेऊन दुसऱ्या बाजूस पांढऱ्या कापडाने तो परतविणे, हात कोठे ठेवावा हे न कळणाऱ्या माणसास काठी किंवा पुस्तक देऊन निर्धास्त करणे, श्वास रोखण्यापूर्वीचा क्षण ओळखणे, ही विद्या त्या अनामिक कारागिरांना अवगत होती, आणि ती आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांपैकी अनेकांना अवगत नाही.

कॅमेरा घरात आला तो पेटी कॅमेऱ्याच्या रूपाने, आणि सामान्य माणसाच्या हाती खऱ्या अर्थाने आला तो आग्फाच्या क्लिक थ्रीमुळे. एका रोलवर बारा चौरस चित्रे, छिद्राची निवड नावापुरती, शटरला एकच वेग. परंतु त्याने पहिल्या प्रथम अंगणातले, विहिरीवरचे आणि माटवीखालचे फोटो निघू लागले. उटकमंड येथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' ही देशी फिल्म त्या दशकाच्या अखेरीस मिळू लागली आणि आयातीवरचे अवलंबन काही अंशी कमी झाले. तरी बारा फोटो काटकसरीने वापरण्याची वृत्ती होतीच. म्हणून घरचा फोटो निघे तो पाहुणे आले असताना, गणपती बसला असताना, नवे पातळ नेसले असताना. भाताची लावणी करताना इरले घेऊन चिखलात वाकलेल्या आईचा फोटो कोणी काढीत नसे, आणि काढू म्हटले तर आईच काढू देत नसे.

रापणीचे उदाहरण घेऊन तंत्र आणि जीवन यांचा संबंध किती घट्ट आहे हे थोडे विस्ताराने सांगतो. होडी जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून समुद्रात अर्धवर्तुळाकार फेरी मारते, जाळे सोडीत सोडीत दुसऱ्या बाजूने किनाऱ्यास लागते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा ते हळूहळू वाळूकडे ओढतात; मासळीचे वाटे ठरलेल्या शिरस्त्याप्रमाणे होतात. ओढणाऱ्यांची तोंडे समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडे असतात. सकाळी सूर्य माडांमागून, पूर्वेकडून येतो, तेव्हा वाळूवर उभ्या राहिलेल्या छायाचित्रकारास उजळलेल्या पाठी मिळतात, चेहरे मिळत नाहीत. चेहरे पाहिजेत तर गुडघाभर पाण्यात उतरून किनाऱ्याकडे तोंड करावे लागते, पण मग सूर्य भिंगात शिरतो आणि चेहरे काळवंडतात. तेथे छिद्र एक-दोन पायऱ्या अधिक उघडावे लागते आणि पाठीमागचे आभाळ जळून पांढरे होईल ते सोसावे लागते. संध्याकाळी हाच सूर्य समुद्रावरून सरळ चेहऱ्यांवर पडतो, आणि पाण्यात उभ्या राहणाऱ्यास हवे ते सर्व देतो. त्यातून वाळू पांढरी. प्रकाशमापक ती पांढरी वाळू पाहून फसतो, सर्वच दृश्य फार उजळ आहे असे समजून प्रकाश कमी करावयास सांगतो, आणि सावळी माणसे सावल्या होऊन उमटतात. मग दोराचा ताण दाखवावयाचा तर शटर किती वेगाचे, आणि पाण्याची ओढ दाखवावयाची तर किती मंद, हा पुढचा प्रश्न. ज्या विद्यार्थ्याने हे सर्व एका रापणीवर सोडविले, त्याचा प्रकाशदर्शनाचा अभ्यासक्रम पुरा झाला म्हणावयास हरकत नाही. खेदाची गोष्ट एवढीच की हाती पुरेसा जलद कॅमेरा येईपर्यंत ट्रॉलर आणि पर्ससीन जाळी आली, आणि रापणीच विरळ होत गेल्या.

दशावताराची कथा याच जातीची आहे. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रांत रात्रभर चालणारा तो खेळ कंदील, पलिते व गॅसबत्ती यांच्या उजेडात होई. लिहिलेली संहिता नाही, संवाद ऐन वेळी सुचतील तसे, आणि नटांची रंगरंगोटी स्वतःच्या हाताने. त्या उजेडात जुनी काच निरुपयोगी होती. मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी तर भपकन धूर होऊन खेळच थांबावयाचा. पुढे फ्लॅशचे बल्ब आले, पण त्यांनी गॅसबत्तीचा पिवळा उजेड पुसून टाकला आणि राजाचा मुकुट कागदाचा आहे एवढेच उघडे केले. जलद फिल्म आणि मोठ्या छिद्राची भिंगे विद्यार्थ्याच्या आटोक्यात आली तेव्हा देवळापुढचा मांडव विजेच्या दिव्यांनी लखलखत होता.

स्वाध्यायात मालिका मांडावयाची असते, एक चित्र दुसऱ्याचा हात धरून पुढे गेले पाहिजे असे शिक्षक सांगतात. यासाठी परदेशी छायाचित्रकारांचे दाखले देण्यापूर्वी कुडाळजवळच्या पिंगुळीकडे एकदा पाहावे. तेथील ठाकर समाजाच्या चित्रकथीत रामायण-महाभारतातील आख्यानाची चित्रे सुट्या कागदांवर रंगविलेली असून, एका आख्यानाच्या चित्रसंचास पोथी म्हणतात. एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरून त्याची कथा गाऊन सांगावयाची, आणि पुढचे चित्र येण्यापूर्वी श्रोत्याची उत्कंठा कोठवर ताणावयाची हे गाणाऱ्याने ठरवावयाचे. ही परंपरा जिवंत ठेवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रांचा क्रम लावणे म्हणजे काय, हे त्या पोथीजवळ बसून जितके कळते तितके वर्गातील फळ्यावरून कळणार नाही.

आता मोबाइल फोनच कॅमेरा झाला आहे, आणि तंत्राची सबब कोणासही सांगता येत नाही. तरीही या किनाऱ्याची जी चित्रे रोज हजारोंनी निघतात त्यांत तारकर्लीचा सूर्यास्त, देवबागचा संगम, सिंधुदुर्गाचा तट आणि ताटातली सुरमई यांचीच दाटी आहे. पूर्वी स्टुडिओच्या पडद्यावर तळे रंगविलेले असे, आता समुद्रच पडदा झाला आहे, एवढाच फरक. मासळी विकणाऱ्या बाईचा फोटो तिला न विचारता काढून नेणारा पाहुणा आणि तिला नमुना म्हणून उभी करणारा १८६६ सालचा साहेब यांच्यात, खरे म्हणजे साहेबच बरा. त्याने निदान तिला उभे राहावयास सांगितले होते. किनाऱ्यावरच्या मुलाने हा स्वाध्याय करावा तो याहून निराळा व्हावयास हवा, आणि त्याला ते अवघडही नाही. त्या बाईला तो काकी म्हणतो, तिच्या घराची वाट त्याला ठाऊक आहे, आणि छापलेला फोटो तिच्या हातात नेऊन देणे त्याच्या पायाखालचे आहे.

हा स्वाध्याय करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि ज्यांच्या घरी जुने फोटो आहेत अशा वाचकांना एक विनंती आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, जुन्या वहीत जे फोटो असतील ते येत्या चतुर्थीस सर्व मंडळी जमतील तेव्हा बाहेर काढावेत, घरातील सर्वांत वयस्क माणसास दाखवून त्यातील प्रत्येकाचे नाव, गाव, नाते आणि अंदाजे साल विचारून घ्यावे, आणि ते फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता, लिहून ठेवावे. शाईचे पेन वापरू नये, कारण दमट हवेत शाई पुढच्या बाजूस झिरपते. काचेच्या निगेटिव्ह असल्यास त्या पाण्याने धुऊ नयेत, एकीवर एक रचू नयेत, कागदात गुंडाळून उभ्या ठेवाव्यात. शक्य झाल्यास त्यांच्या प्रती सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर, वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय किंवा मालवणचे नगर वाचन मंदिर यांसारख्या आपल्या जवळच्या जुन्या वाचनालयास नावानिशी द्याव्यात. नावे सांगू शकणारी माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.